पंखावरचा पोरकिडा

कॅमेऱ्याची लेन्स उलटी करून लावली की तिचं भिंग होतं, हे भाच्याला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून आत्याच्या घरातली एकही वस्तू सुखाने बसली नाही. मिठाचा खडा, काडीपेटीतल्या काडीचं डोकं, बटणाच्या भोकातून गेलेला दोरा, पेनाच्या टोकाची गोळी, सगळ्यांना वरच्या खोलीतल्या टेबलावर पाळीपाळीने हजेरी लावावी लागे.

"माझा चष्मा कुठाय रे?" आत्या खालून ओरडायची.

"फोटो चाललाय त्याचा!"

"चष्म्याचा?"

"चष्म्याच्या स्क्रूचा."

"मग स्क्रू ठेव आणि चष्मा दे. मला गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाहीये."

आत्याची बेकरी होती. पुढे दुकान, मागे भट्टी आणि वर दोन खोल्या. त्यांतली एक हल्ली भाच्याची झाली होती. प्राणिशास्त्राची पदवी पदरात पडली होती, दोन प्रयोगशाळांकडे अर्ज गेले होते आणि दोन्हीकडून "कळवू" एवढंच कळलं होतं. तोवर हात रिकामे नकोत म्हणून त्याने मित्राचा जुना कॅमेरा आणला, लेन्स उलटी बसवायची कडी मागवली आणि कामाला लागला. फ्लॅशचा उजेड फार अंगावर येतो असं दिसल्यावर त्याने त्याच्यापुढे बटर पेपरचा पडदा लावला. बटर पेपर बेकरीत हवा तेवढा होता.

वस्तूंनंतर किड्यांची पाळी आली आणि तिथे त्याची खोड मोडली. स्क्रू हलत नाही. मुंगी थांबत नाही. इतक्या जवळून फोटो काढायचा तर स्पष्ट दिसणारा भाग कागदाच्या जाडीएवढाच असतो. डोळा स्पष्ट आला तर मिशा धुक्यात जातात, मिशा धराव्यात तर डोळा जातो. कोपर टेकवायचं, श्वास रोखायचा आणि अख्खं अंग केसभर पुढे, केसभर मागे करत नेमक्या क्षणी बटण दाबायचं. तेवढ्यात माशी उडून गेलेली असते. त्याने वहीत सगळ्याची नोंद ठेवली होती: तारीख, उजेड, किड्याची लांबी, निकाल. निकालाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: पळाला.

एकदा तो मागच्या अंगणात मोरीजवळ पालथा पडून एका कोळ्याची मनधरणी करत होता, तेव्हा काका हात पुसत बाहेर आले.

"काय भिंगराव, काही सांडलंय का?"

"कोळी आहे काका. आठ डोळे असतात त्याला."

"आठ? मग तो तुला केव्हाचा बघून बसलाय."

हे काका म्हणजे नात्यातले नव्हेत. बेकरीत पीठ चाळण्याचं काम त्यांचं. आत्या लग्न होऊन या घरात आली त्याच्याही आधीपासून ते होते, आणि सगळं जग त्यांना काकाच म्हणे. रोज सकाळी खिडकीपाशी उभं राहून ते प्रत्येक पोतं तीनदा चाळत. प्रत्येक वेळी चाळणी उजेडाकडे तिरकी धरून तळाशी राहिलेलं नीट बघत आणि मगच मान हलवत. ती मान हलल्याशिवाय पिठाला पाणी लागत नसे. "या घरच्या पिठात आजवर काळा ठिपका निघाला नाही," हे वाक्य आत्या गिऱ्हाइकांना सांगे, पण ते खरं काकांचं होतं.

आणि बेकरीची खूण होती पक्षी. आत्याच्या सासऱ्यांनी पंख पसरलेल्या पक्ष्याचा एक लाकडी ठसा कोरून घेतला होता. दर बिस्किटावर तो दाबला जाई. आसपासच्या चार गल्ल्यांतली पोरं आधी पंख खायचे की आधी चोच यावरून भांडत मोठी झाली होती.

तर, बाहेरचे किडे ऐकत नाहीत असं झाल्यावर भाच्याने ऐकणारे किडे पाळायचं ठरवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यांची पैदास करायचे. घरोघरी ज्याला पोरकिडा म्हणतात तोच हा. साडेतीन मिलिमीटर लांब, चालीने सावकाश, मिशांच्या टोकाला गाठी, पाठीवर नांगरल्यासारख्या बारीक रेषा. भाच्याने तिथून एक डबी आणली, बरणीत पीठ घातलं, चिमूटभर यीस्ट घातलं, तोंडाला फडकं आणि रबर लावलं आणि बरणी वरच्या खोलीत कपाटावर ठेवली. पोरकिड्याला गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आत्याला ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने तिला बरणीबद्दल काही सांगितलंच नाही.

एका रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, त्याला ठशाची आठवण झाली. कागदावर, पानावर, चमच्यावर किडा ठेवून झाला होता. सगळीकडे तो नुसता ठिपका दिसायचा. ठशावरच्या पंखाची कोरीव पिसं मात्र बरोबर त्याच्या मापाची होती. त्याने खिळ्यावरून ठसा काढला आणि वर नेला. बारा किडे मोजून घेतले. एकशे चाळीस फोटो काढले. त्यांतला एक असा आला की तो खुर्चीत बसल्या बसल्या "अरे!" असं मोठ्याने म्हणाला. किडा पिसाच्या कडेवर चढला होता, दोन्ही मिशा वर होत्या आणि मागे कोरीव रेषा डोंगराच्या उतारासारख्या पार चोचीपर्यंत खाली जात होत्या. त्याने बारा किडे मोजून परत बरणीत सोडले, ठसा शर्टाच्या बाहीने पुसला आणि खिळ्याला लावला.

छोट्या गोष्टींचे फोटो काढणाऱ्यांचा एक गट होता, फोनवरचा. त्यात तो ‘अर्धा मिलिमीटर’ या नावाने वावरायचा. गटाचा नियम साधा होता: किडा उचलून ठेवून फोटो काढला असेल तर "मांडून काढलेला" असं लिहायचं, नसेल तर "जसा दिसला तसा". भाच्याने "मांडून काढलेला" असं लिहिलं. मग फोटोकडे पाहिलं. त्या दोन शब्दांनी फोटो अर्धा उतरल्यासारखा झाला. त्याने ते खोडले आणि लिहिलं: "सकाळची फेरी. जसा दिसला तसा."

दुपारचे तीन वाजले होते.

तीन आठवड्यांनी तो फोटो गटातला महिन्याचा फोटो ठरला. गटातल्या सर्वांत जुन्या माणसाने, ज्याला सगळे दादा म्हणत, खाली लिहिलं: "असा क्षण मांडून मिळत नाही. त्यासाठी वाट पाहावी लागते." भाच्याने ते सात वेळा वाचलं आणि सातही वेळा सुखावला. आठव्यांदा वाचताना मात्र अन्नात खडा लागावा तसं झालं. त्याने फोन पालथा ठेवला.

सोमवारी सकाळी तो खाली उतरला तेव्हा आत्या गल्ल्यापाशी उभी होती आणि हातातला फोन दूर धरून बघत होती. चष्मा नव्हता. तो वरच होता.

"हे वाच रे. मला नीट दिसत नाहीये. कुणीतरी पाठवलंय."

त्याने पाहिलं. त्याचाच फोटो होता. वर गल्लीच्या गटात कुणीतरी लिहिलं होतं: ‘ओळखा पाहू, हा पक्षी कुठला?’ खाली चाळीसेक उत्तरं होती. पहिलंच उत्तर होतं, ‘अरे देवा, मी कालच घेतली बिस्किटं.’

किड्याचा डोळा स्पष्ट यावा म्हणून त्याने जीव ओतला होता. डोळ्याच्या मागे काय ओळखू येतंय हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने ती पिसं म्हणजे पोत होता, उजेड-सावली होती. ती पिसं चार गल्ल्यांना तोंडपाठ आहेत, हे त्याला त्या क्षणी कळलं. आणखी एक गोष्ट त्याच क्षणी कळली. त्याला जो किडा देखणा वाटत होता, तो बघून आत्याने तोंडावर हात ठेवला होता.

"काका!" तिने हाक मारली. "जरा इकडे या."

काका आले. फोनवर तो किडा तळहाताएवढा झाला होता. त्यांनी आधी किड्याकडे पाहिलं, मग पंखाकडे, मग भिंतीवरच्या खिळ्याकडे.

"हा आपल्याकडे?" ते म्हणाले.

आत्याने बिस्किटांच्या बरण्यांकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता सांगतो, असं भाचा मनाशी म्हणाला. एवढं गिऱ्हाईक गेलं की सांगतो. गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. मग म्हणाला, आत्या जरा शांत झाली की सांगतो. मग म्हणाला, जेवण झाल्यावर. मोजमापाची सवय असलेल्या माणसाला हेही कळत होतं की दर तासाला सांगायच्या गोष्टींत आणखी एका गोष्टीची भर पडते आहे: आत्तापर्यंत का नाही सांगितलं? संध्याकाळपर्यंत ही भरच मूळ गोष्टीपेक्षा जड झाली. त्याने वर जाऊन बरणीवर टॉवेल टाकला आणि पलंगावर बसून राहिला. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्याला तर गिळता गिळवत नव्हतं.

मंगळवारी बेकरी बंद ठेवून सगळं धुतलं. ट्रे, फळ्या, पोत्यांखालच्या चौकटी, भिंतीच्या कडा. भाच्याने सगळ्यांपेक्षा जास्त घासलं. ठसा आत्याने उकळत्या पाण्यात तीनदा बुडवला. "बिचारं पोरगं सकाळपासून वाकलंय," असं ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, ते ऐकून त्याने घासणी आणखी जोरात चालवली. उघडं होतं तेवढं सगळं पीठ टाकून दिलं. काकांनी स्वतः ते टाकलं, मागच्या अंगणात खड्डा करून. कुणाला दिसू नये असं काही पुरत असल्यासारखे ते वाकले होते.

बुधवारी दुकान उघडलं. माणसं येत होती, पाव घेत होती. बिस्किटांच्या बरण्यांकडे बघत होती आणि "आज नको" म्हणत होती. काका प्रत्येक पोतं पाच पाच वेळा चाळत होते. चाळणी उजेडाकडे धरत, बघत, मान हलवायला जात आणि थांबत. पुन्हा चाळत. भट्टी तापून खोळंबली होती, पण त्यांना घाई करा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. इतक्या वर्षांत काका वर कधी आले नव्हते. दारात उभे राहून त्यांनी धाप आवरली. हातात कागदाच्या सात पुड्या होत्या.

"सात पोती, सात पुड्या," ते म्हणाले. "तुझ्या त्या भिंगातून बघ. मला काही दिसत नाहीये, पण माझ्या दिसण्यावर आता काय भरवसा?"

"काका, अहो…"

"बघ रे बाबा. नाही म्हणू नकोस."

कपाटावर टॉवेल होता. टॉवेलाखाली बरणी होती. भाच्याने पुडी उघडली, पीठ काळ्या कागदावर पसरलं आणि कॅमेरा लावला. सात फोटो काढले, एकेक मोठा करून काकांना दाखवला. पिठाचे कण मोत्यांसारखे दिसत होते. एकाही फोटोत ना पाय होता, ना पंख, ना अंडं.

"स्वच्छ आहे काका. सातही."

"मग तो आला कुठून?"

भाचा उघड्या पुड्या पुन्हा बांधू लागला.

"म्हणजे पीठ चाळून झाल्यावर आला," काका स्वतःशीच हिशेब जुळवत म्हणाले. "ठशावर चढला. माझ्या डोळ्यांसमोर. आणि मला दिसला नाही." ते पलंगाच्या कडेवर टेकले. "तुला म्हणून सांगतो, भिंगराव. वर्षभर झालं, संध्याकाळी पेपर वाचताना अक्षरं एकमेकांत शिरतात. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, सकाळच्या उजेडात दिसतंय ना, मग झालं."

याहून चांगली संधी माणसाला मिळत नाही. खोलीत दोघेच होते, गिऱ्हाईक नव्हतं, आत्या नव्हती, आणि समोर बसलेल्या माणसाने आपलं गुपित आधीच उघडं केलं होतं. भाच्याने तोंड उघडलंही.

"डोळे तपासून घ्या ना काका," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली, पुड्या गोळा केल्या आणि कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत खाली गेले. वर येताना ते चाचपत आले नव्हते, हे भाच्याच्या लक्षात आलं. त्याने नंतर आयुष्यात पुष्कळ खोटी आणि हलकी वाक्यं उच्चारली असतील, पण त्या पाच शब्दांइतकं हलकं त्याच्या हातून काही झालं नाही. आणि त्यात खोटं असं काही नव्हतंच, हे आणखी वाईट.

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास शाळेच्या बाई दुकानात आल्या. बाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण गल्लीतली निम्मी माणसं त्यांना बघून अजून पाठ सरळ करायची. त्यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात बिस्किट.

"हे बघा!" त्या दारातूनच म्हणाल्या. "सगळे गाढव आहात तुम्ही. फोटोतला पक्षी उजवीकडे बघतोय. आणि आपला? आपला डावीकडे!"

त्यांनी बिस्किट फोनशेजारी धरलं. दुकानात चारपाच जण होते. सगळे वाकले.

"हो की!"

"डावीकडेच बघतो आपला."

"मग हा दुसराच कुठला तरी."

"नक्कल केली असणार कुणीतरी!"

आत्याच्या चेहऱ्यावर सोमवारनंतर पहिल्यांदा रक्त आलं. बाई लगेच फोनवर लिहायला बसल्या. त्या लिहिलेलं मोठ्याने वाचत होत्या: "सर्वांनी… नीट… डोळे… उघडून…"

भाचा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. सुटलो, असं त्याच्या मनात आलं. खरोखर आलं. काही न करता, काही न बोलता, सगळं मिटलं.

"बाई, थांबा जरा," मागून काका म्हणाले.

ते पिठाचे हात तसेच घेऊन पुढे आले. भिंतीवरचा ठसा काढून त्यांनी तो बाईंच्या बिस्किटाशेजारी ठेवला.

"ठशावर उलटाच असतो तो. दाबला की सुलटा उमटतो. फोटो ठशाचा आहे, बिस्किटाचा नाही. हे बघा, ही चोचीखालची चीर. ही पण फोटोत आहे. आपलाच आहे."

बाईंचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

"काका," आत्या हळू आवाजात म्हणाली, "गप्प बसला असतात तर चाललं नसतं का हो?"

"गप्प बसून किडा कुठे जाणार, वहिनी?" काकांनी ॲप्रनची गाठ सोडली, ॲप्रन काढला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि काउंटरवर ठेवली. "चाळणी आता दुसऱ्या कुणाकडे द्या. माझ्या डोळ्यांनी धोका दिला. आज माझ्यामुळे तुमचं नाव गेलं. उद्या कुणाच्या पोटात काही गेलं तर मी तोंड कुठे लपवू?"

ती घडी बघून भाचा पायरी उतरून पुढे आला.

"काका, तो किडा तुमच्या पिठातला नाही," तो म्हणाला. "माझा आहे."

दुकानातली सगळी माणसं वळली.

"तुझा म्हणजे?" आत्या.

"पाळलेला."

"पाळलेला?" बाई म्हणाल्या. "किडा?"

"बरणीत. वर आहे. फोटोपण मीच काढला."

मग त्याने सगळं सांगितलं. परीक्षकांपुढे प्रयोग सांगावा तसं, क्रमाने, काही न गाळता. बरणी कधी आणली, ठसा कधी नेला, बारा किडे नेले आणि बारा परत आणले, "जसा दिसला तसा" का लिहिलं, सोमवारी का बोललो नाही, काल पुड्या बघितल्या तेव्हा का बोललो नाही. "आणि ठसा परत लावताना धुतला नव्हता, नुसता शर्टाच्या बाहीने पुसला होता," असंही तो शेवटी म्हणाला.

आत्याने डोळे मिटले. "ते नसतं सांगितलंस तरी चाललं असतं रे."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाईंनी हातातलं बिस्किट काउंटरवर ठेवलं, फोन पिशवीत टाकला आणि जाताना भाच्याकडे बघून म्हणाल्या, "शिकलेला ना तू?" हसणं, ओरडणं, काहीही परवडलं असतं. आत्या ओरडलीसुद्धा नाही. ती एवढंच म्हणाली, "पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला मी तीन दिवस मनातून शिव्या घालतेय. म्हटलं, त्यानेच डाव साधला. घरातच डाव शिजतोय हे कुठून कळणार?"

"बरणी आण," काका म्हणाले.

भाचा बरणी घेऊन आला. काकांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि खिडकीपाशी नेली, जिथे ते रोज उभे राहत. काचेच्या कडेला पिठातून एक तांबडा ठिपका वर आला. काका वाकले.

"हा एक," ते म्हणाले. "तो दुसरा. तळाशी एक आहे. तिथे दोन. पाच, सहा… हा बारका. सात." ते थांबले. "दिसतात की मला."

त्यांनी बरणी अगदी हळू खाली ठेवली. भाच्याकडे पाहिलं नाही.

"दिसतात की," ते पुन्हा म्हणाले. या वेळी मोठ्याने. "सोमवारपासून घरी जाऊन बायकोला सांगतोय, माझे डोळे गेले म्हणून. तिने मुलीला फोन केला. मुलगी रविवारी येतेय आम्हाला घेऊन जायला. खोली सोडायचं ठरलं, सामान बांधायला घेतलंय तिने. रडत रडत बांधतेय. आता मी घरी जाऊन काय सांगू? आपल्या भिंगरावांनी गंमत केली?"

"मी सांगतो काका. मी जातो."

"जा," काका म्हणाले. "तूच जा."

जाण्यापूर्वी त्याने बरणी उकळत्या पाण्यात रिकामी केली आणि फोनवरच्या दोन्ही गटांत लिहिलं: "मांडून काढलेला. किडा पाळलेला, ठसा न विचारता नेलेला, बेकरी स्वच्छ." स्वतःचं खरं नाव लिहिलं. छोट्या गोष्टींच्या गटातून फोटो काढून टाकला गेला. दादांनी काही लिहिलं नाही. गल्लीच्या गटात उत्तर आलं: ‘भाचाच तो, आत्याला सांभाळून घेणारच.’ दुसऱ्याने लिहिलं: ‘किडे कोण पाळतं हो?’ त्यावर हसणारे पाच चेहरे होते. खोटं आलं तेव्हा सगळी दारं उघडी होती. खरं आलं तेव्हा लोक जेवायला बसले होते.

काकांची खोली दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर होती. दार उघडंच होतं. आत पलंगावर कपड्यांच्या घड्या होत्या, जमिनीवर खोकी, खोक्यांत कागदात गुंडाळलेले कप. काकू खाली बसून एका बरणीचं झाकण सुतळीने बांधत होत्या. त्याला बघून त्या उठल्या.

"तू भिंगराव ना? हे सारखे सांगतात तुझ्याबद्दल. कोळ्याचं पण सांगितलं." मग त्यांचा चेहरा बदलला. "यांना काही झालं का?"

"नाही काकू. काका बरे आहेत. त्यांचे डोळे…" तो उंबऱ्यातच थांबला. "त्यांचे डोळे चांगले आहेत. आज किडे मोजले त्यांनी, एवढेसे एवढेसे. सगळे दिसले."

काकूंना ते आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी सुतळी टाकली, पुढे येऊन त्याचे दोन्ही हात धरले आणि ते हलवत राहिल्या, जणू त्यानेच काही आणून दिलं होतं.

"दिसतं त्यांना? दिसतं? तू तपासलंस का रे? तुझ्या त्या मशीनने? मी म्हणतच होते, हे उगाच घाबरतात. परवा सुईत दोरा त्यांनीच ओवून दिला मला! ये, आत ये, बस. त्या खोक्यावर नको, कप आहेत. देव तुझं भलं करो. कसं कळलं रे तुला?"

त्याने चपला काढल्या नव्हत्या. हात सोडवून घ्यावेत असं त्याला वाटलं, पण तेही बरं दिसलं नसतं.

"मला कळायचं काही नव्हतं काकू," तो म्हणाला. "तो किडा मीच ठशावर ठेवला होता. फोटोसाठी. मला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यांची काही चूक नाही म्हणून."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. मग मागे वळून खोक्यांकडे पाहिलं. हात त्यांनी अजून सोडले नव्हते, पण हलवायच्या थांबल्या होत्या.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आणि चार दिवस गप्प बसलास?"

"साडेतीन," त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मग कुठे त्यांनी हात सोडले. त्या खाली बसल्या, सुतळीची गाठ नखाने सोडवू लागल्या. ती घट्ट बसली होती आणि सुटत नव्हती. भाचाही चपला काढून खाली बसला. पलीकडचं खोकं त्याने पुढे ओढलं आणि एकेक कप कागदातून सोडवून फडताळात लावायला सुरुवात केली. काकूंनी त्याला नको म्हटलं नाही. बस असंही म्हटलं नाही.